चमच्यातले दोन च

ठाण्याच्या नौपाड्यातून एका निवृत्त शिक्षिकेचं पत्र आलं आहे. बत्तीस वर्षं त्यांनी प्राथमिक शाळेत मराठी शिकवलं. ‘न’ आणि ‘ण’ची गल्लत करणारं एकही मूल आपल्या वर्गातून तसंच पुढे गेलं नाही, असं त्या अभिमानाने लिहितात. त्यांचा नातू साडेतीन वर्षांचा आहे, जन्मापासून कर्णबधिर. सात महिन्यांपूर्वी कॉक्लिअर इम्प्लांट (शस्त्रक्रियेने कानात आत बसवायचं ऐकण्याचं यंत्र) झालं आणि स्पीच थेरपी चालू आहे. आजी रोज संध्याकाळी त्याला आरशासमोर बसवून तासभर ‘बाबा’ म्हणायला शिकवतात. तो ‘मामा’ म्हणतो, कधी ‘पापा’, आणि मग पळून जातो. दरम्यान सुनेने सांकेतिक भाषा शिकायला घेतली आहे. ऐरोलीतल्या तिच्या ऑफिसातला एक कर्णबधिर सहकारी दर रविवारी घरी येतो आणि नातू त्याच्याशी दोन-दोन तास रमतो. ओळखीतल्या एका जाणत्या माणसाने आजींना बजावलं आहे, ‘हातवारे सुरू झाले की जीभ आळशी होते.’ मागच्या आठवड्यात तलावपाळीवर होडी बघून नातवाने हातांनी काहीतरी केलं. लोक वळून बघायला लागले, तेव्हा आजींनी त्याचे दोन्ही हात धरून खाली केले. त्या दिवसापासून सून कामापुरतंच बोलते. ‘खुणांच्या नादी लागून तो कायमचा मुका राहिला तर? माझं चुकतंय का?’ असा त्यांचा प्रश्न आहे.

बाई,

(शिक्षिकेला दुसऱ्या कुठल्या नावाने हाक मारायला माझी जीभ वळत नाही, तेव्हा बाईच.)

उत्तराआधी एक गृहपाठ. ज्या आरशासमोर नातवाला बसवता, त्याच्यासमोर आज तुम्ही एकट्या बसा आणि आवाज अजिबात न काढता, फक्त ओठ हलवून तीन शब्द म्हणा. बाबा. मामा. पापा. आता सुनेला समोर बसवा, यातला कुठलाही एक तसाच म्हणा आणि ओळखायला सांगा. ती निम्म्याहून जास्त वेळा चुकेल, कारण ओळखण्यासारखं तिथे काही नाहीच. तिन्ही वेळा ओठ मिटतात, उघडतात, आ होतो. ‘ब’ला स्वरतंतू थरथरतात, ‘प’ला थरथरत नाहीत, ते गळ्याच्या आत. ‘म’ला टाळूचा मागचा मऊ भाग पडजिभेसकट खाली उतरतो आणि हवा नाकाकडे वळते, तेही आत. बाहेर दिसतं ते तिन्हीत एकच.

म्हणजे तुमचा नातू रोज संध्याकाळी जे बघतो, ते अगदी बरोबर बघतो. तुमच्या ओठांवर ‘मामा’ही असतो आणि ‘पापा’ही असतो. तो त्यातला एक निवडून म्हणतो आणि त्याची आजी मान हलवून नाही म्हणते. साठ मिनिटं. मीही पळून गेले असते.

ओठांवरून सगळं समजतं हा समज फार पसरलेला आहे आणि तो ऐकू येणाऱ्यांचाच आहे. आपल्याला आवाजही मिळत असतो, म्हणून ओठ वाचल्यासारखे वाटतात. तुमची वर्णमालाच घ्या. ती कंठापासून ओठांपर्यंत, आतून बाहेर येते. क-वर्ग पार मागे, मग च, ट, त, आणि प-वर्ग दारात. बघणाऱ्याला नीट दिसतो तो दारातला. क-ख-ग-घ ओठांवर जवळजवळ उमटत नाहीत. ‘न’ आणि ‘ण’ यांत जिभेचं टोक दाताकडे की वर टाळूकडे वळलेलं, एवढाच काय तो फरक. तुमच्या आयुष्यभराच्या लढाईची ती जागा बाहेरून दिसतच नाही. त्यामुळे ‘पाणी’ आणि ‘पानी’वरून त्याला एवढ्यात टोकू नका.

आता इम्प्लांटचं. कानातल्या शंखात, म्हणजे कॉक्लिआत, निरोगी माणसाला आवाज टिपणाऱ्या साधारण साडेतीन हजार आतल्या केसपेशी असतात. इम्प्लांटमध्ये असतात बारा ते बावीस इलेक्ट्रोड. तेवढ्यावर मुलं बोलणं ऐकतात, फोनवरही बोलतात, ही खरोखर मोठी गोष्ट आहे. मी त्याचं कौतुक कमी करत नाही. पण मेंदूला तो आवाज शिकावा लागतो. त्यासाठी मुलाचं ऐकण्याचं वय मोजतात, यंत्र सुरू झालं त्या दिवसापासून. तुमचा नातू साडेतीन वर्षांचा आहे आणि कानाने मात्र जेमतेम सात महिन्यांचा. ऐकू येणारं सात महिन्यांचं बाळ काय म्हणतं? ‘बाबाबा, मामामा.’ अर्थ काही नसतो, आपण उगीच कॅमेरे काढतो. तुमच्या पत्रात तक्रार म्हणून जे लिहिलं आहे, ते वाचून मला बरं वाटलं. गाडी वेळेवर आहे.

ते ‘हातवारे’ आणि ‘आळशी जीभ’ प्रकरण जरा लांबून सांगते.

बत्तीस वर्षांत ‘चमचा’ हा शब्द तुम्ही कितीदा फळ्यावर लिहिला असेल! त्यात दोन वेगळे च आहेत. पहिला ‘चहा’तला, दुसरा ‘चाका’तला. अनेकवचन करा, चमचे, की दुसरा च पुन्हा ‘चहा’तला होतो. लिपीत याचं नावनिशाण नाही. ‘माझा’ आणि ‘माझी’तल्या झचंही तेच. कुठल्या मुलाला तुम्ही हा नियम सांगितला होता? मला तरी कोणी सांगितला नव्हता, एम.ए.ला भाषाविज्ञान घेतलं तेव्हा कळला. तरी पहिलीत येणारं मराठी घरातलं पोर दोन्ही च अचूक म्हणतं. जन्मल्यापासून दिवसभर, भांडणात, लाडात, स्वयंपाकघरातून, शेजारच्या गॅलरीतून ते त्याच्या कानावर पडत आलेले असतात. उच्चार शिकवण्याने येतात त्याहून किती तरी जास्त असे आपोआप मुरतात.

तुमच्या नातवाची पहिली जवळपास तीन वर्षं अशी कोरडी गेली. कोणाचा दोष नाही. पण आता त्याला आरशासमोरच्या तासापेक्षा जास्त गरज आहे ती मुरण्याची. कानाच्या वाटेने आज झिरपत झिरपत येतं. डोळ्याच्या वाटेला मात्र काहीच झालेलं नाही.

तुम्ही म्हणाल, खुणा म्हणजे भाषा थोडीच आहे. इथे तुमचीच शिदोरी उघडते. आपल्या जुन्या शिक्षाग्रंथांनी, म्हणजे उच्चारशास्त्राच्या ग्रंथांनी, उच्चार तीन गोष्टींत मांडला: स्थान, करण, प्रयत्न. कुठे, कशाने, कसा. ‘त’चं स्थान दात, करण जिभेचं टोक, प्रयत्न स्पर्श. १९६० मध्ये अमेरिकेत गॅलॉडेट या कर्णबधिरांच्या कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या विल्यम स्टोकी यांनी विद्यार्थ्यांच्या खुणा बारकाईने बघितल्या आणि त्यांतही तीनच घटक मांडले: खूण कुठे होते, हाताचा आकार कोणता, हालचाल कशी. तळवा कुठल्या दिशेला, हा चौथा घटक पुढे इतरांनी जोडला, आणि चेहरा पाचवा. तोपर्यंत सगळे, त्यांचे सहकारीसुद्धा, खूण म्हणजे हवेत काढलेलं चित्र समजत. चित्राचे तुकडे पडत नाहीत. या खुणांचे पडत होते, आणि तेच थोडे तुकडे फिरवून-फिरवून हजारो शब्द होत होते. जसे आपले क, आ, म.

अमेरिकी सांकेतिक भाषेतलं एक उदाहरण तुमच्या आरशाशी जुळतं. पाच बोटं पसरून अंगठा हनुवटीला लावला की आई. तोच हात, तीच बोटं, अंगठा कपाळाला लावला की बाबा. बाकी काही बदलत नाही, फक्त स्थान. ‘बाबा’ आणि ‘मामा’त जसा फक्त नाकाचा फरक. तुमचा फरक टाळूमागे लपलेला, हा मात्र फलाटाच्या दुसऱ्या टोकावरून दिसतो. (ठाण्याच्या नऊ-दहा नंबरच्या फलाटावर वाशी लोकलची वाट बघताना मी पाहिलंय. मधल्या रुळांपलीकडच्या मित्राशी एक मुलगा खुणांनी पोटभर भांडत होता. अनाउन्समेंट, भोंगे, फेरीवाले, काही आड येत नव्हतं. आम्ही बाकीचे फोनवर ‘हॅलो, ऐकू येतंय का’ करत होतो.)

आपली भाषा वेगळी आहे, भारतीय सांकेतिक भाषा. अमेरिकी मुळाक्षरं एका हाताने दाखवतात, आपली इंग्रजी मुळाक्षरं दोन हातांनी. बाईची खूण नाकातल्या चमकीच्या जागी, पुरुषाची मिशीच्या जागी. प्रश्नाचा शब्द वाक्याच्या शेवटी येतो, आणि हो-नाही प्रश्न भुवया आणि पुढे झुकलेल्या मानेने विचारतात. म्हणून सून खुणा करताना जे ‘तोंडं करते’ असं तुम्ही लिहिलंय, ते तिचं व्याकरण चालू असतं. गावोगावी काही शब्द बदलतात, जसे वऱ्हाडात आणि मालवणात बदलतात. त्यामुळे रविवारी येणारे गृहस्थ एक खूण करतात आणि व्हिडिओत दुसरी दिसते, तर गोंधळू नका.

आता होडी. पत्रात तुम्ही लिहिलंय, ‘दोन्ही पंजे जोडून पुढे पुढे ढकलत होता.’ बारकाईने बघितलंत, सवय तुमची. ज्या खुणेत दोन्ही हात हलतात, तिथे दोन्ही हातांचा आकार सहसा एकच असतो. दोन हातांचे आकार वेगळे असतील, तर सहसा एकच हात हलतो आणि दुसरा पाटासारखा स्थिर राहतो. रॉबिन बॅटिसन यांनी हे नियम सत्तरच्या दशकात अमेरिकी खुणांवरून मांडले, इतर सांकेतिक भाषांतही ते बऱ्यापैकी लागू पडतात. मराठी शब्दाची सुरुवात ‘ळ’ने होत नाही, हे जसं कोणी न सांगता आपण पाळतो, तसाच हा प्रकार. तुमचा नातू तो पाळत होता.

आणि तुम्ही त्याचे हात धरले. यावर मी तुम्हाला रागवणार नाही, पत्राच्या त्या ओळीत शाई दोनदा खोडलेली आहे. एवढंच विचारते. तुमच्या वर्गात एखादं मूल खिडकीकडे बोट दाखवून ‘बाई, होली!’ ओरडलं असतं, तर तुम्ही त्याच्या तोंडावर हात ठेवला असता का? ‘ड’ चुकला म्हणून?

हातांनाही बोबडे बोल असतात. मूठ, उघडा पंजा, एक बोट, हे आकार मुलांना आधी जमतात. दोन बोटं एकमेकांत अडकवणं, मधलं बोट वाकवणं, हे आपल्या ‘र’ आणि ‘ळ’सारखं उशिरा येतं. मोठी माणसं मनगटातून हलवतात तिथे लहान मुलं खांद्यापासून हात फेकतात. कर्णबधिर आईबापांच्या बाळांचे हात बोलायच्या आधी बडबडतातही, कॅनडात लॉरा-ॲन पेटिटो आणि पॉला मॅरेंटेट यांनी हे १९९१ मध्ये दाखवून दिलं. तेव्हा घरी नातवाची खूण ओबडधोबड दिसली, तर दुरुस्त करत बसू नका. तुम्ही नीट करा, तो बघेल.

जीभ आळशी होते हे कुठून आलं? १८८० मध्ये इटलीत मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली. तिथे ठराव झाला की शाळांत फक्त बोलणं शिकवायचं, खुणा बंद. मत देणारे जवळजवळ सगळे ऐकू येणारे होते. त्यानंतर कित्येक देशांत पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे हात पाठीमागे बांधले गेले, काही ठिकाणी शब्दशः. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत त्या ठरावाबद्दल जाहीर खेद व्यक्त झाला. आपल्या जाणत्या गृहस्थांपर्यंत ठराव पोचला, खेद पोचला नाही.

तरी तुमची भीती मी उडवून लावत नाही, कारण याबाबत संशोधकांतही दोन तट आहेत. २०१४ मध्ये अमेरिकेत कर्णबधिर आईबापांच्या, जन्मापासून खुणा करणाऱ्या आणि पुढे इम्प्लांट झालेल्या काही मुलांचा अभ्यास झाला. त्यांचं बोलणं ऐकू येणाऱ्या मुलांच्या बरोबरीने निघालं. २०१७ मध्ये दुसऱ्या मोठ्या अभ्यासात, ऐकू येणाऱ्या आईबापांच्या मुलांत, खुणा जास्त काळ वापरणाऱ्यांचं बोलणं मागे दिसलं. या दुसऱ्या अभ्यासावर आक्षेपही आले. त्या घरांत आईबापांना स्वतःला खुणा किती येत होत्या? आणि ज्यांचं बोलणं आधीच अडलं होतं, तेच खुणांकडे वळले असतील तर? मला स्वतःला ही मांडणीच पटत नाही, की एक घ्या नाहीतर दुसरं. मालवणी आणि मराठी दोन्ही बोलणाऱ्या पोराची जीभ अर्धी आळशी होत नाही. आणि दोन्हीपैकी काहीच पूर्ण न येता मूल सहा-सात वर्षांचं झालं, तर ते नुकसान भरून काढणं फार अवघड जातं. त्या एका गोष्टीला मी घाबरते, खुणांना नाही.

म्हणून स्पीच थेरपी एक दिवसही बंद करू नका. प्रोसेसर (इम्प्लांटचा बाहेर लावायचा भाग) झोपताना आणि अंघोळीला सोडून दिवसभर कानावर हवा, मॅपिंगच्या (यंत्राचा आवाज मुलाला जुळवून देण्याच्या) तारखा चुकवायच्या नाहीत. आरसा मात्र महिनाभर फडक्याने झाका. ‘बाबा’ हा शब्द बाबा दारातून आत येताना म्हणा, तोंड दिसेल असा, कानाला ऐकू येईल असा, आणि सोबत खूण करा. बाबा समोर आहेत, मामा नाही, एवढ्यावर त्याचं काम होतं. उच्चाराचे खेळ खेळायचेच असतील तर हाताला कळतील असे खेळा. तोंडासमोर टिश्यूचा तुकडा धरून आधी ‘पळ’ म्हणा, मग ‘फळ’. दुसऱ्या वेळी कागद जास्त उडतो. (हल्ली बरेच जण ‘फ’ दातांनी ओठ चावून म्हणतात, इंग्रजीसारखा. इथे तुमचा जुना महाप्राण फच पाहिजे, शेवटी एकदा त्याचा उपयोग झाला.) त्याचा पंजा तुमच्या गळ्यावर ठेवून लांबवर ‘म्‌म्‌म्’ करा, मग एक बोट नाकपुडीवर. थरथर कळली की तो हसेल. पाच मिनिटं, बस्स.

गोष्ट सांगताना पुस्तक मांडीवर नको, हनुवटीखाली धरा. ऐकू येणारं मूल चित्र बघत-बघत ऐकतं. याला एका वेळी एकच बघता येतं, चित्र तरी किंवा तुम्ही तरी. चित्र बघू द्या, थांबा, तो मान वर करेल, मग सांगा. सुरुवातीला हे थांबणं फार लांब वाटतं. खिडकीला पाठ करून बसू नका, चेहरा काळोखात जातो. आणि तोंडाने पूर्ण मराठी वाक्य आणि हातांनी त्याच वाक्याच्या खुणा, अशी दोन्ही एकदम चालवू नका. दोन्ही लंगडतात. कधी हे, कधी ते.

रविवारचे गृहस्थ हे तुमच्या घरातलं सगळ्यात मोठं धन आहे. नातवाला त्यांच्यात मोठा झालेला, नोकरी करणारा, आपल्यासारखा माणूस दिसतो. त्यांना चहा देऊन आत जाऊ नका, तिसऱ्या विद्यार्थिनी म्हणून बसा. मधल्या दिवसांसाठी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्राचा शब्दकोश आहे. २०१८ मध्ये तीन हजार शब्दांनी सुरू झाला, २०२१ पर्यंत दहा हजारांवर गेला, व्हिडिओ यूट्यूबवर फुकट. डिसेंबर २०२४ पासून पीएम ई-विद्या या सरकारी शैक्षणिक उपक्रमाची ३१ नंबरची टीव्ही वाहिनीही याच भाषेला दिली आहे. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासूनची. श्रवण तपासणीपासून सांकेतिक भाषेच्या अभ्यासक्रमांपर्यंत तिथे सगळ्याची चौकशी होते. ज्यांच्या घरी अजून इम्प्लांट झालेलं नाही किंवा करायचं नाही, त्यांनाही यातलं बहुतेक लागू आहे. नवी बाळं जन्मलेल्या घरांना एक वेगळं सांगते. तपासणी एका महिन्याच्या आत, निदान तीन महिन्यांच्या आत, मदत सहाव्या महिन्याच्या आत सुरू, असं वेळापत्रक जगभर धरतात. ‘उशिरा बोलेल, याचे काकाही उशिरा बोलले’ या वाक्यावर विसंबू नका.

‘मुका’ हा शब्दही घरातून काढा. तो दोन तास गप्पा मारतो, तुम्हीच लिहिलंय.

सुनेशी काय बोलायचं ते मी सांगणार नाही, ते तुमचं तुम्हाला सुचेल. पण रविवारी वर्ग संपला की तिघं तलावपाळीवर जा. होड्या चालू असतील. तो खूण करेल तेव्हा नीट बघा. पंजे जोडलेले आहेत म्हणता, पण तळवे वर आहेत की एकमेकांकडे? नाव पुढे सरकते ती सरळ, की लाटेवर हेलकावत? स्थान, करण, प्रयत्न. मग तीच खूण तुम्ही त्याला करून दाखवा, आणि तो तुमची चूक कशी दुरुस्त करतो ते मला कळवा.